केंटचा चव्वेचाळीस

"हेल्मेटच्या आत तोंड कुणाचंही असू दे, पाठीवर चव्वेचाळीस दिसला की माझं भागतं," डोरीन हॅव्हलिक मला एकदा म्हणाली होती.

चव्वेचाळीस हा तिच्या मुलाचा, केंटचा नंबर. आमच्या कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघात तो दुसऱ्या वर्षाला होता, तेव्हा बर्फावरून घसरलेल्या गाडीत गेला. पोरांनी आपसात ठरवलं, ही जर्सी रिकामी राहू द्यायची नाही. दर मोसमात शेवटच्या वर्षाचा एक मुलगा ती घाली, आणि घरच्या मैदानावरचा शेवटचा सामना संपला की तिथंच अंगातून काढून पुढच्याच्या हाती देई. तो नवा मग पायऱ्या चढून प्रेक्षकांत बसलेल्या डोरीनपाशी येई, नाव सांगे. ती त्याच्या आईचं नाव विचारी. एवढंच. तेवढ्यावर तिचा हिवाळा निघे.

डोरीन शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला. नवरा केव्हाच ओमाहाला निघून गेलेला.

यंदा मक्याची कापणी आटोपली तरी आम्ही एकही सामना जिंकलो नव्हतो. मागच्या बाकावरून मायलो न्हावी म्हणायचा, "आपली पोरं चेंडू असा धरतात, जणू शेजाऱ्याचं ओलं बाळ."

"हरतात तर हरू देत," डोरीन मागे न वळता म्हणायची. "पळतायत ना?"

शेवटच्या सामन्याला ओला बर्फ पडत होता. हरल्यावर यंदाचा चव्वेचाळीस, ऑस्टमायरचा ब्रेडन, जर्सी न काढता मान खाली घालून आत गेला. पायऱ्या चढून कुणी आलं नाही. बाकं रिकामी झाली तरी डोरीन बसून होती. पोरं शरमली असतील, जेवणाच्या दिवशी देतील, असं मी म्हणालो. तिला ते पटलं. पटवून घेतलं असेल.

मोसमअखेरचं जेवण चर्चच्या तळघरात होतं. राजमा-खिम्याची तिखट चिली आणि दालचिनीचे रोल. डोरीन केस बसवून आली होती. पुढच्या मोसमात शेवटच्या वर्षाला जाणाऱ्या पोरांवरून तिची नजर फिरत होती.

"तो मोठ्या कानांचा असेल," ती माझ्या कानाशी म्हणाली. "पाठ रुंद आहे. आकडे नीट मावतील."

मग नवे प्रशिक्षक मॅकेल्वी उठले. भला माणूस. ते मोठ्या कॉलेजातून आलेले, आणि तिकडे नंबर कायमचा बंद करणं याहून मोठा मान नसतो. त्यांनी काचेच्या चौकटीत बसवलेली जर्सी टेबलावर उभी केली.

"मिसेस हॅव्हलिक, हा नंबर यापुढे कुणीही घालणार नाही. तो कायमचा केंटचा."

सगळे उभे राहिले. टाळ्या थांबेनात. मायलोनं डोळे पुसले. ब्रेडन तेवढा बसून होता, ताटलीकडे बघत.

डोरीन पुढे गेली. "कुणीच नाही?" तिनं विचारलं.

तिला गहिवरून आलंय असं मॅकेल्वींना वाटलं. "कुणीच नाही. शब्द देतो," ते म्हणाले, आणि दोन शब्द बोलण्यासाठी माइक तिच्यापुढे धरला.

तिनं काचेवर तळहात ठेवला. काचेखाली जर्सी धुऊन, इस्त्री करून बसवली होती, हाताची घडी घालावी तशा बाह्या दुमडून. तिनं हात काढून घेतला. खुर्चीवरचा कोट उचलला आणि टाळ्या वाजवणाऱ्या माणसांच्या मधून वाट काढत ती जिना चढून निघून गेली.