परीक्षेसाठी ठेवलेली बाई

"ही बाई तू सांभाळ," सर मला म्हणाले. "कळप हाकायची सवय तुझ्या घरात आहेच."

राऊंडला आम्ही बारा जण होतो. अकरा हसले. बारावी मी. मीही हसले. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं मी जरा धीट वाटण्याचा संभव आहे.

सर म्हणजे आमचे सर्जरीचे विभागप्रमुख. रुग्णालय सांगलीकडचं. नाव सांगत नाही. कमानीवर ते पुरेसं मोठं लिहिलेलं आहे. मी दुसऱ्या वर्षाची रेसिडेंट. माणच्या कोरड्या पट्ट्यातली, धनगराची. राखीव जागेवरून आलेली. ही माहिती सरांना माझ्या नावाआधी पाठ होती.

बाई म्हणजे बायडामावशी. आटपाडीकडच्या, आमच्याच जातीच्या. स्तनात लिंबाएवढी गाठ. मंगळवारी ऑपरेशन ठरलेलं. सरांनी गाठ चाचपली आणि खूश झाले. कातडी आत ओढलेली, काखेत हाताला लागणाऱ्या ग्रंथी. पुस्तकातलं चित्र जसंच्या तसं.

"पंधरवड्यात परीक्षा आहे. बाहेरून परीक्षक येतायत. ही केस ठेवायची."

आमच्याकडं तशी रीतच होती. चांगली केस परीक्षेपर्यंत राखायची. चांगली म्हणजे रोग्याला वाईट.

मी मावशींना सांगितलं, "भूल द्यायचं मशीन बिघाडलंय. थोडं दिस दम धरा." त्यांच्या बोलीत सांगितलं, म्हणून त्यांना पटलं. सरांनी माझी निवड अचूक केली होती.

मग रोज सकाळी परीक्षेची मुलं सरावाला यायची. पडदा अर्धाच सरकायचा. एक हात लावायचा, दुसरा माप सांगायचा, तिसरा पुन्हा हात लावायचा. मावशी छताकडं बघत पडून राहायच्या. सहाव्या दिवशी त्यांनी माझं मनगट धरलं.

"बाय, बाजारात मेंढरू घेतानाबी येवडी मानसं चापपत न्हाईत गं. आन् कळपात येकीला गळू झालं, तर आमी दुसरा दिस उजाडू देत न्हाई. तुमी येवडी शिकल्याली. एक मशीन दुरुस्त हुईना व्हय?"

मी मनगट सोडवून घेतलं आणि पुढच्या खाटेकडं वळले.

त्याच दुपारी स्पेशल रूममध्ये एका साखर कारखान्याच्या चेअरमनची बायको दाखल झाली. तसलीच गाठ. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला टेबलावर. सरांनी स्वतः केलं. एकाही विद्यार्थ्याचा हात तिला लागला नाही. मशीन उत्तम चाललं.

वॉर्डातल्या आयानं ते मावशींना सांगितलं. मी गेले तेव्हा त्या गाठोडं बांधत होत्या.

"मशीन दुरुस्त झालं म्हनं. का चेअरमनीनबाईनं घरनं आनलं हुतं?"

"मावशी, बसा."

"न्हाई. मरान हाय तर रानात मरू. हितं जत्रंतल्यावानी पडून न्हाई."

गेल्या असत्या तर परत आल्या नसत्या. हे मला पुस्तकातून नाही, घरातून माहीत होतं.

मी खरं सांगितलं. परीक्षेसाठी ठेवलंय. मशीन ठीक आहे. मी खोटं बोलले.

त्यांनी मारलं असतं तर बरं झालं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, "तू आमच्यातली न्हवं गं?"

"आजचा दिस थांबा," मी म्हणाले, आणि केसपेपर उघडला. ऑपरेशन पुढं ढकललं की कारणाचा रकाना भरावा लागतो. मला 'रक्तदाब वाढला' लिहायला सांगितलं होतं आणि मी ते लिहीत होते. बाईचा रक्तदाब माझ्यापेक्षा चांगला होता. त्या ओळीवर रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी. लिहिलं: 'रक्तदाब ठीक. परीक्षेत दाखवण्यासाठी रुग्णाला ठेवले आहे. विभागप्रमुखांचा तोंडी आदेश.' सही. तारीख. वेळ. एक प्रत अधीक्षकांच्या टेबलावर. एक मावशींच्या हातात.

तासाभरात सर आले. मागं सगळा राऊंड.

"हे काय लिहिलंस?"

"घडलं ते, सर."

"पुढच्या वर्षी तुझी परीक्षा आहे. माहीत आहे ना?"

"आहे."

"तुम्हा लोकांना वर घेतलं की हे असं होतं."

यावेळी कुणी हसलं नाही. मीही नाही.

दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. सरांना पाझर फुटला म्हणून नाही. कागद फाईलमध्ये होता म्हणून. काखेतल्या ग्रंथींत रोग पोचलेला होता. त्या दिवसांत पोचला की आधीच, ते कुणीच सांगू शकत नाही. सर त्याच आडोशाला उभे राहिले. "आठवड्यानं काय फरक पडतो?" पडत नसेल. मग चेअरमनीणबाईंना का नाही ठेवलं?

मावशी तीन वर्षं जगल्या. मी परीक्षेत एकदा नापास झाले.

आज मी साताऱ्यात प्राध्यापक आहे. स्तनाच्या कॅन्सरची सर्जन. सत्काराच्या शालींनी कपाट भरलंय. त्यांतल्या एकीनंही थंडी जात नाही. बापाच्या घोंगड्यानं जायची.

परवा माझा सगळ्यात हुशार विद्यार्थी अदबीनं म्हणाला, "मॅडम, उंब्रजच्या त्या आजी परीक्षेपर्यंत ठेवूया का? एकदम पुस्तकातली केस आहे."

मला बाराव्या माणसाचं हसू ऐकू आलं. माझंच.

"त्यांना उद्या पहिल्या नंबरला घे."

"मग परीक्षेला काय दाखवायचं?"

"ऑपरेशन झालेल्या बायांना विचार. हो म्हणाल्या तर वण दाखव. नको म्हणाल्या तर रिकामी खाट."

"परीक्षक चिडतील, मॅडम. सगळे सांगलीकडच्या मोठ्या सरांचे विद्यार्थी आहेत."

"मीही त्यांचीच."

यंदा माझ्या वॉर्डात परीक्षेसाठी एकही बाई ठेवलेली नाही. पुढंही नसेल. कुणी ठेवली, तर कारणाच्या रकान्यात खरं लिहायला मी आहे. सहीसकट. तेव्हाची सही वेडीवाकडी आली होती. आता अक्षर सुधारलंय.