दहापैकी नऊ मार्क

"तुमच्या बायकोला वेड लागलेलं नाही, गुरुजी. हे डिप्रेशन आहे," नगरच्या डॉक्टरबाई म्हणाल्या आणि मला हायसं वाटलं. डिप्रेशन म्हणजे मन दिवसेंदिवस खचत जाणं. त्यात झोप जाते, भूक जाते, लक्षात राहणंही कमी होतं. वर्षभर कुसुम गॅसवर दूध ठेवून विसरायची आणि मी तिच्यावर खेकसायचो. त्याची त्या दिवशी लाज वाटली. पण जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही.

नव्वदच्या दशकातली ही गोष्ट. मी नेवाशाजवळ शाळामास्तर होतो. घरात असा आजार असलेल्यांसाठी हे लिहितोय. माझी चूक तुम्ही करू नका.

गोळ्या सुरू झाल्या. दोन महिन्यांनी कुसुम जेवू लागली, पण विसरणं तसंच. तेव्हा डॉक्टरबाईंनी टेन्सचं मशीन काढलं. टेन्स म्हणजे कातडीवर पट्ट्या चिकटवून मज्जातंतूंना विजेचे हलके झटके देणं. मशीन खरं तर कंबरदुखीचं. बाई म्हणाल्या, "परदेशात काही डॉक्टर स्मरणशक्तीसाठी वापरून बघतायत. मी खात्री देत नाही. रोज अर्धा तास, सहा आठवडे. तुम्ही फक्त जवळ बसा, गप्पा मारा. गोळ्या मात्र बंद करायच्या नाहीत."

"शॉक तर न्हाई ना?" कुसुमने घाबरून विचारलं. बाईंनी आधी स्वतःच्या हाताला पट्टी लावून दाखवली.

घरी मी तिच्या पाठीवर पट्ट्या लावायचो. "मुंग्या आल्यावानी वाटतंय," ती म्हणायची. तेवढंच.

गप्पा मारायच्या मला कुठे येत होत्या? मी वही केली. पट्ट्या काढल्या की पाच प्रश्न. आज वार कोणता? सकाळी भाजी काय होती? घरी कोण आलं? प्रत्येकी दोन मार्क, अर्धवट उत्तराला एक. पहिल्या आठवड्यात तिला दहापैकी तीन पडले. मी म्हणालो, "चौथीतली पोरं बरी."

नंतर मार्क वाढू लागले. सहा, सात, मग नऊ. फक्त प्रश्न सुरू झाले की ती पाणी प्यायला स्वयंपाकघरात जायची. मशीनने घसा कोरडा पडतो असं समजून मी बाईंना तसं सांगितलंही! वही पाहून त्या खूश झाल्या. मशीन परत केलं. आणि दहापैकी नऊ मिळवणाऱ्या बाईला गोळ्या कशाला, म्हणून त्या मी माझ्याच अकलेने बंद केल्या.

दोन महिन्यांत कुसुमने अंथरूण धरलं.

दिवाळीच्या सफाईला मी एकट्याने स्वयंपाकघरातले डबे हलवले. पिठाच्या डब्यामागे भिंतीवर बारीक पेन्सिलीने लिहिलेलं होतं. सोमवार, मेथी. मंगळवार, वत्सलाबाई आल्या. खोडून पुन्हा लिहिलेलं. सगळ्यात खाली होतं, 'थोरला सुनील, धाकटी सुजाता.'

बाहेरगावी असलेल्या आमच्या मुलांची नावं. ती मी कधीच विचारली नव्हती. तीही विसरू याची भीती तिने माझ्यापासून लपवली, आणि मी तिला मार्क देत बसलो. मी तिथेच फरशीवर बसून रडलो.

डॉक्टरबाईंना सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, ते जास्त लागलं. "मशीनचा उपयोग झाला की नाही, आता मलाही सांगता येणार नाही. गोळ्या आधी सुरू करा. मशीनही पुन्हा लावू. वही नको."

ती सावरायला वर्ष गेलं. मशीनने किती, गोळ्यांनी किती, देव जाणे. त्या बाईंचे उपकार मी विसरणार नाही. पण ते वाया घालवलेले महिने माझ्या नावावर आहेत.

एका संध्याकाळी पट्ट्या लावून दोघं गवार मोडत बसलो होतो. कुसुम आपणहून म्हणाली, "सुजी ल्हानपणी गवार बघितली की ताटावरनं उठायची."

मी मान वर केली नाही. शेंगा मोडत राहिलो.

थोड्या वेळाने ती हळूच म्हणाली, "तुमी इचारत न्हाई ना आता, मग आठवतं."