इब्राहिमभाईंची मशक

दुसरी मोठी लढाई (दुसरं महायुद्ध) संपल्यानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात, एका सकाळी ऊन चढायच्या आत मी धाराशिवहून वाशीच्या रस्त्याला लागलो. निजामाच्या कागदोपत्री गावाचं नाव उस्मानाबाद होतं, लोकांच्या तोंडी धाराशिवच. बुडाखाली लष्करानं मोडीत काढलेली मोटारसायकल होती. मागं पेट्रोलचे दोन डबे, अंथरूण आणि हत्यारांची थैली, डाव्या अंगाला आईनं दिलेली तांब्याची कळशी, उजव्या अंगाला पाण्यानं फुगलेली मशक (बकऱ्याच्या कातड्याची पाण्याची पिशवी). एवढं ओझं घेऊन मला दोन दिवस आपल्याच मुलखात हिंडून परत यायचं होतं. खरा प्रवास पुढं हिवाळ्यात होता. एकट्यानं राजपुतान्यात जायचं आणि जेसलमेरच्या पलीकडं, रस्ता संपतो तिथून पुढं वाळवंटात गाडी घालायची. वाशीची फेरी ही त्याची तालीम.

त्या प्रवासावर मी पूर्वी लेख लिहिला, शाळांतून भाषणंही केली. त्या सगळ्यात एक गोष्ट खोटी होती. माझं वय आता नव्वदीच्या पुढं आहे आणि डोकं ठिकाणावर आहे. म्हणून तयारीपासून परतीपर्यंत जसं घडलं तसं पुन्हा लिहितो.

मी तेव्हा शाळेत भूगोल शिकवत होतो. दरवर्षी पोरांना वाळवंट शिकवायचो आणि स्वतः नदीकाठापलीकडं वाळू पाहिलेली नव्हती. ते मनाला लागायचं. सोलापुरात लष्करी सामानाचा लिलाव झाला तेव्हा ही गाडी घेतली. ती चालू केली इब्राहिमभाईंनी. मोटार अड्ड्याजवळ पत्र्याच्या शेडमध्ये ते बसगाड्या दुरुस्त करत. घराणं भिस्त्यांचं (मशकीतून घरोघर पाणी घालणाऱ्यांचं). लढाईत ते मिसरच्या (इजिप्तच्या) वाळूत लष्करी ट्रक चालवून आले होते. मोटार, वाळू आणि चामडं या तिन्ही गोष्टी कळणारा दुसरा माणूस माझ्या माहितीत नव्हता.

"मास्तर, पेट्रोल संपलं तर गाडी थांबती," ते पहिल्याच दिवशी म्हणाले. "पानी संपलं तर तुमी थांबता. गाडीचं मी बघतो. तुमी पान्याचं बोला."

"आईनं कळशी दिलीय. बूच बसवून घेईन."

"कळशी बायामान्सांनी डोक्यावर न्यायची चीज हाय. गाडी तिला दिवसभर गदागदा हलवनार. डाख सुटंल." डाख म्हणजे कळशीचे दोन भाग जोडणारा सांधा. "मी मशक शिवून देतो."

आई ते ऐकायला तयार नव्हती. चामड्यातलं पाणी आमच्या घरात कुणी तोंडाला लावलं नव्हतं आणि वाळवंटात गेला म्हणून तिचा मुलगा लावणार नव्हता. शेवटी इब्राहिमभाई स्वतः घरी आले. ओट्याच्या खाली उभे राहून म्हणाले, "आक्का, मशक मास्तरसाठी न्हाय. इंजिनासाठी हाय. मोटारीला तहान लागत न्हाय व्हय?"

प्रत्येक थांब्यावर ड्रायव्हर बसच्या तोंडात डबाभर पाणी ओततो हे आईनं पाहिलेलं होतं. ती म्हणाली, "मोटारीला काय, कसलंबी चालतंय."

माझ्या गाडीचं इंजिन वाऱ्यावर थंड होणारं. त्याला पाण्याचा थेंबही लागत नसे. मला ते ठाऊक होतं आणि मी गप्प राहिलो. गंमतच वाटली मला. अशी ती मशक इंजिनाच्या नावावर गाडीला लागली.

येडशीच्या घाटात ओझ्यानं गाडी मागं बसायची आणि पुढचं चाक हलकं व्हायचं. पेट्रोलचे डबे पुढं घ्यायला हवेत हे तिथं कळलं. येरमाळ्याला थांबून दोऱ्या सोडल्या, सामान पुन्हा बांधलं. वाशीत पोचेपर्यंत ऊन डोक्यावर आलं होतं. बाजाराचा दिवस होता. एका म्हातारीकडं भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि गाडग्यात हुलग्याचं माडगं (कुळथाच्या पिठाचं पातळ कालवण) होतं. तिनं माझ्याकडं आणि मग गाडीकडं पाहिलं.

"एवढं बिऱ्हाड घेऊन कुठं निघालास, बाबा? बायकूनं हाकललं का?"

"लगीन झालं न्हाय अजून, आजी."

"मग बराबर हाय. असल्याला कोन देतंय पोरगी." आणि चटणीचा आणखी एक गोळा तिनं भाकरीवर ठेवला. "ते भांडं गळतंय बघ तुझं."

कळशी निम्म्याच्या वर रिकामी झाली होती. सांध्यातून पाणी झिरपून विजारीचा डावा पाय पोटरीपर्यंत भिजला होता, आणि वाऱ्यानं गार वाटत होतं म्हणून मला मजाच येत होती. इब्राहिमभाई म्हणाले होते तसा डाख सुटला होता, तोही पहिल्या तीस-पस्तीस मैलांत.

वाशीच्या पुढं मांजरेचं पात्र उन्हाळ्यात कोरडं पडतं. तिथली वाळू हे माझं खरं तालमीचं मैदान. पहिल्या तासात तीनदा पडलो. इब्राहिमभाईंनी सांगून ठेवलं होतं, की वाळूत चाकाची हवा निम्मी करा, हँडल घट्ट धरू नका, गाडी डुलू द्या. ऐकताना सोपं होतं. चौथ्या वेळी मी खरंच हात सैल सोडले आणि गाडी पात्राच्या या काठापासून त्या काठाला सरळ गेली. मग संध्याकाळपर्यंत येरझाऱ्या घातल्या. कळशी तोवर पार कोरडी झाली होती, पात्रात झिरा (वाळूतला पाझर) नव्हता आणि आसपास माणूस नव्हतं. मी मशकीचं तोंड सोडलं आणि प्यालो. पाणी गार होतं, आणि त्याला तरवडाच्या सालीची तुरट चव होती. त्याच सालीत ते कातडं कमावलं होतं. आपण बाटलो, असं वगैरे काही वाटलं नाही. तहान भागली आणि मी आणखी चार फेऱ्या मारल्या.

दुसऱ्या दिवशी परतताना येरमाळ्याच्या अलीकडं मशकही गेली. गाडीच्या लोखंडी दांडीवर घासून शिवण उसवली आणि पाणी रस्त्यावर सांडलं. तसाच धाराशिवला आलो आणि थेट शेडमध्ये गेलो. इब्राहिमभाईंनी कळशीकडं पाहिलंसुद्धा नाही. मशक मांडीवर घेऊन बराच वेळ उसवलेल्या जागेवर बोट फिरवत राहिले.

"पानी कुनी प्यालं?"

"इंजिनानं."

"आन् चव कशी होती म्हनालं इंजिन?"

"तुरट."

ते हसले, पण लगेच पुन्हा शिवणीकडं वळले. "माझी चूक हाय. भिस्ती पाठीवर नेतो तशी शिवली. पाठ मऊ असती. दांडी मऊ न्हाय."

दुसरी मशक शिवायला त्यांनी दोन महिने घेतले. या वेळी शिवण वरच्या अंगाला घेतली, म्हणजे वजन आणि घासणं दोन्ही कातड्याच्या अखंड भागावर यावं. टाका दुहेरी घातला, त्यात मेण आणि चरबी भरली, आणि दांडीला जुनी ट्यूब गुंडाळली. मशक भरून शेडच्या आढ्याला टांगली होती आणि येणारा-जाणारा प्रत्येक ड्रायव्हर इब्राहिमभाईंच्या सांगण्यावरून तिला एक धक्का देऊन जायचा. अड्ड्यावर तो खेळच झाला होता. थेंब पडला नाही. तरीही त्यांचं समाधान नव्हतं.

"हितं टिकली त्याला काय अर्थ न्हाय," ते म्हणाले. "कोरड्या हवेत चामडं आकसतंय. टाका तानला जातो. तिथनं आल्यावर मला आनून दाखवा, मास्तर. माझ्या बापानं मोटारीवरची मशक कधी शिवली न्हाई, आजानंबी न्हाई. ही जमली का न्हाई, ते तुमच्याबिगर कोन सांगनार मला?"

मी हो म्हणालो.

दिवाळी झाल्यावर निघालो. तुळजापूर ओलांडून तामलवाडीला निजामाच्या हद्दीवरच्या करोडगिरीच्या नाक्यावर (जकात नाक्यावर) थांबलो. तिथल्या कारकुनानं उर्दूत सामानाची यादी केली. परत येताना हेच सामान आणा, नाही तर जबाब द्या, म्हणाला. मशक लिहिताना त्यानं वर पाहिलं.

"भिस्ती का काम भी करते हो, मास्टरसाब?"

"इंजिनासाठी आहे," मी म्हणालो. तो हसला. मोटारीतलं त्याला आईपेक्षा जास्त कळत होतं.

वाटेतली गावं, घाट आणि खाणावळी यांचं वर्णन माझ्या जुन्या लेखात आहे आणि ते खरं आहे. पुन्हा लिहीत नाही. नव्यानं डाख दिलेली कळशी जोधपूरच्या अलीकडंच पुन्हा सुटली. ती तशीच रिकामी बांधून ठेवली. टाकून दिली असती तर आईला काय दाखवणार?

जेसलमेर मागं पडल्यावर पहिले दोन दिवस मी मजेत होतो. गाडी डुलू द्यायला शिकलो होतो, हात सैल होते. मला येतंय, असं पुन्हा पुन्हा वाटायचं. तिसऱ्या दिवशी क्लचची तार तुटली. जवळची जादा तार घालायला गेलो तर तिच्या टोकाची शिशाची गोळी वाळूत पडली, आणि ती शोधून, पुसून, बसवून गाडी सुरू होईपर्यंत उघड्या झाकणातून इंजिनात वाळू गेली होती. गाडी चार हात चालायची आणि बंद पडायची. मी एका खेजडीच्या (आपल्याकडच्या शमीच्या) विरळ सावलीत इंजिन खोललं. ते साफ करून पुन्हा जोडायला दीड दिवस लागला. मांजरेच्या पात्रातून वाशीचा बाजार तासाभराच्या वाटेवर होता. इथं काहीच नव्हतं. त्या दीड दिवसात मी जे पाणी प्यालो ते सगळं मशकीतलं.

इंजिन जोडून होत आलं तेव्हा उंटांचा कळप घेऊन एक मेंढपाळासारखा दिसणारा माणूस आला. डोक्याला लाल पागोटं, कानात बाळ्या. मी मशक पुढं केली. तो प्याला, आणि मग मशक परत न देता तिच्या शिवणीवर अंगठा दाबत या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला. ही कुणी शिवली, असं त्यानं खुणेनं विचारलं. मी म्हणालो, इब्राहिमभाई, माझ्या गावचे.

"हाथ पक्को है," तो म्हणाला. (हात तयार आहे.) त्याच्याकडं स्वतःची मशक होती. तिचा सांधा त्यानं मला दाखवला. तो खालच्या अंगाला होता आणि ओला होता. संध्याकाळी तो मला विहीर असलेल्या वस्तीवर घेऊन गेला आणि तिथल्या दोघातिघांना त्यानं माझी मशक उलटीपालटी करून तिची शिवण दाखवली.

परतताना सोलापुरात मामा हार घेऊन उभे होते. शाळेत सत्कार ठरला होता. मामा म्हणाले, "तुझ्या आईनं सगळ्या आळीला सांगून ठेवलंय, माझा लेक कळशीच्या पाण्यावर वाळवंट पार करून आला म्हणून. तसंच ना?"

"तसंच," मी म्हणालो.

मामा चहा सांगायला गेले तेवढ्यात मी मशक सोडली आणि समोरच्या टांगेवाल्याला देऊन टाकली. त्याला घोड्याच्या सामानाला चामडं हवंच होतं. तामलवाडीच्या नाक्यावर कारकुनानं यादी वाचली तेव्हा ती फुटली म्हणून सांगितलं. त्यानं त्या ओळीवर रेघ मारली.

सत्काराला कळशी घासूनपुसून टेबलावर ठेवली होती. मी बोललो आणि टाळ्या पडल्या. इब्राहिमभाई धुतलेला सदरा घालून शेवटच्या बाकावर बसले होते. सगळं संपल्यावर ते गर्दीतून पुढं आले. मामा, हेडमास्तर आणि आळीतले चारजण माझ्याभोवती उभे होते.

"मास्तर, शिवण उसवली का कुठं?"

"ती नेलीच नाही, इब्राहिमभाई. सोलापुरातच ठेवून गेलो होतो."

त्यांनी माझ्याकडं क्षणभर पाहिलं. "ठीक केलं. तेवढंच वजन कमी झालं," म्हणाले आणि गेले.

त्यानंतरही ते माझी गाडी दुरुस्त करत होते. मशकीचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही, मीही काढला नाही. पुढं निजामाचं राज्य गेलं, दिवस फिरले. त्यांचं कुटुंब हैदराबादला गेलं आणि काही वर्षांनी ते वारल्याचं अड्ड्यावर कळलं. आईही गेली. त्यानंतर खरं सांगायला मला कुणाची आडकाठी नव्हती, पण तोवर लेख छापून झाला होता आणि कळशी वाचनालयाच्या कपाटात जाऊन बसली होती. मला ते सोयीचं होतं. दुसरं कारण नाही.

इब्राहिमभाई, मशक नेली होती. जोधपूरपासून पुढं आणि परत सोलापूरपर्यंत मी तिच्यातलंच पाणी प्यालो. शिवण कुठंही उसवली नाही. ट्यूब दांडीवर घासून फाटली, पण खालच्या कातड्याला नुसती चकाकी आली होती, तळहाताएवढ्या जागेवर. कोरड्या हवेत टाका ताणला गेला, तुम्ही म्हणाला होता तसाच. गळ्याजवळचे दोन टाके सैल झाले होते. तिथून झिरपलं नाही, पण तेवढी जागा पुढच्या वेळी तिहेरी घ्यायला हवी होती.