बंदुकीपाशी बसलेले जोखीमकाका

एका दसऱ्याला मी घर सताड उघडं टाकून, ओसरीतल्या पाटावर झेंडूची माळ घातलेली दुनळी बंदूक तशीच ठेवून, चुलत दिराच्या नव्या ट्रॅक्टरच्या पूजेला निघून गेले. वाटेत कुणी विचारलं असतं, 'अहो बाई, बंदुकीपाशी कोण आहे?' तर मी ठसक्यात म्हणाले असते, 'देव आहे की!' तेव्हा मी पंचावन्न वर्षांची होते. म्हणजे अक्कल यायला अजून पुष्कळ अवकाश होता. आज त्या बाईकडे मागे वळून बघते तेव्हा तिच्या हातात ट्रॅक्टरसाठीचा नारळसुद्धा देऊ नये असं वाटतं.

ही गोष्ट सांगायची तर जोखीमकाकांची सांगावी लागते. त्यांचं खरं नाव आमच्याकडे कुणाच्या तोंडी नव्हतं. शनिवार पेठेतून स्कूटरवर मांजरीपर्यंत यायचे. विम्याचं काम करायचे, पण 'विमा' हा शब्द फारसा काढत नसत. उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं की पहिला प्रश्न, 'जोखीम कुठे आहे?' आता आमच्या घरात जोखीम म्हणजे अंगावरचे दागिने. लग्नकार्याला निघताना सासूबाई बजावायच्या, 'अंगावर जोखीम हाय, जपून जा.' त्यामुळे काकांनी मला पहिल्यांदा तसं विचारलं तेव्हा मी घाईघाईने पदर ओढून मंगळसूत्र झाकलं.

'ती नव्हे बाई,' काका म्हणाले, 'दोन नळ्यांची.'

ही दोन नळ्यांची जोखीम माझ्या सासऱ्यांची. उसात डुकरं शिरायची म्हणून त्यांनी परवाना काढला होता. पुढे तो रीतसर मालकांच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या नावावर झाला. डुकरं कमी झाली, ऊसही कमी झाला. आजूबाजूच्या रानात इमारती उगवल्या. माणसं अनोळखी झाली आणि दोन बंगले फुटल्याचं कानावर आलं. मालकांची झोप उडाली. सोनं गेलं तर रडून मोकळं होता येतं. बंदूक गेली तर ती उद्या कुणाच्या छातीवर रोखली जाईल, आणि नंबरावरून पोलीस कुणाच्या दारात येतील, ही धास्ती. म्हणून जोखीमकाका आले.

ते बसत नसत. खुर्ची पुढे केली तर तिची पाठ धरून उभे राहायचे. चहा उभ्याने, बोलणं उभ्याने, आणि तेवढ्यात एक हात खिडकीचे गज हलवून बघतोय, दुसरा दाराची कडी खालीवर करतोय. बिजागऱ्या दाबून बघायचे, जसे वैद्य पोट दाबून बघतात. मधेच ओसरीच्या कडेला जाऊन शेतापलीकडे नव्याने उभ्या राहिलेल्या इमारतींकडे टक लावायचे, ओठ हलवत मजले मोजायचे, परत यायचे, पुन्हा कडी हलवायचे. मला वाटायचं, गिऱ्हाइकं मोजताहेत. मालक हळूच म्हणायचे, 'ह्यो मानूस ज्या दिवशी खाली बसंल त्या दिवशी काय तरी मोठं इपरीत झालंय असं समजायचं.'

बंदूक लोखंडी कपाटात, कपाट भिंतीला जखडलेलं, काडतुसं वेगळ्या कुलपात, असं सगळं त्यांनी आमच्याकडून करून घेतलं. मग मला विचारलं, 'किल्ली कुठे ठेवता?' मी तोंड उघडायच्या आत म्हणाले, 'देवामागे ना?' मी देव्हाऱ्याकडे बघितलं. 'सगळ्या पुण्याच्या किल्ल्या देवामागेच आहेत. चोरांनाही ठाऊक आहे. आताशा ते आधी नमस्कार करतात.'

मी हुशारी दाखवायला विचारलं, 'चोराने काहीच न मोडता बंदूक नेली तर पैसे मिळतील का हो?'

'काही न मोडता नेली तर तो चोर नाही, पाहुणा,' काका म्हणाले. 'आणि पाहुण्यांचा विमा अजून कुठल्या कंपनीने काढलेला नाही.'

प्रवासाचं कलम तर त्यांनी मालकांच्या डोक्यात खिळ्यासारखं ठोकलं. निवडणूक आली की परवान्याच्या बंदुका पोलीस चौकीत जमा कराव्या लागतात. एकदा मालक ती जमा करायला जीपने निघाले आणि वाटेत टपरीवर थांबले. हे त्यांनी पुढे काकांना मोठ्या कौतुकाने सांगितलं, चहा किती फक्कड होता यासकट.

'चहा पिताना आपण कुठे होतात?' काकांनी विचारलं.

'टपरीवर की.'

'आणि ती?'

'जिपात. काचा लावल्या हुत्या.'

'म्हणजे तेवढा वेळ ती एकटी प्रवास करत होती. घरी कुलपात असेल तर कंपनी तिला ओळखते. प्रवासात आपल्या हाताशी असेल तरी ओळखते. वाटेत एकटीला सोडलीत की ओळख संपली.' मग कडी हलवत, जरा वेळाने, आमच्याकडे न बघताच म्हणाले, 'एकटीला सोडायचं नसतं.' मला वाटलं, अजून बंदुकीबद्दलच बोलताहेत.

तर तो दसरा. खंडेनवमीला आमच्याकडे शस्त्रपूजा असते. बंदूक रिकामी करून, पुसून पाटावर ठेवायची. शेजारी कोयते, खुरपी, आणि अलीकडे मुलांच्या आग्रहाने मोबाइलसुद्धा. मांडलेली शस्त्रं दसऱ्याच्या संध्याकाळपर्यंत उठवायची नाहीत हा सासूबाईंचा नेम. सणाच्या दिवशी दाराला कुलूप घालायचं नाही, लक्ष्मी माघारी जाते, हा दुसरा. सासूबाई जाऊन वर्षं झाली होती. त्या असताना मी त्यांचे सगळे नेम मोडायची आणि त्या गेल्यावर एकेक पाळायला लागले होते. मालक भल्या सकाळीच ट्रॅक्टरच्या गडबडीला पुढे गेले. घर मी उघडं टाकलं, कारण दोन्ही नेम एकदम पाळायचे होते. तिथे पूजा झाली, जेवणं झाली, गप्पा झाल्या. मोबाइल आठवला तेव्हा वाटलं, तोही पूजेतच आहे, असू दे. बंदूक मात्र आठवली नाही ती नाहीच.

उन्हं कलती झाल्यावर परत निघालो. लांबूनच ओसरीत पांढरा सदरा दिसला आणि तेव्हा मला बंदूक आठवली. मालक पळतच सुटले. मागून मी, हातात ट्रॅक्टरचा प्रसाद.

जोखीमकाका होते. आणि बसलेले होते. पाटासमोर, हातभर अंतर ठेवून, मांडी घालून. दाराकडे तोंड.

'काका, तुम्ही बसलात?' माझ्या तोंडून एवढंच निघालं.

'आपण बसवलंत.'

'आवं, मग उचलून आत ठिवायची की!' मालक म्हणाले.

'परवाना आपल्या नावाचा. मी उचलली असती तर चोर मीच ठरलो असतो. तोही काही न मोडलेला.'

'कडी लावून जायचं हुतं.'

'बाहेरून लावलेली कडी बाहेरूनच निघते.'

'निदान फोन करायचा!' हे माझं.

काकांनी पाटाकडे बोट दाखवलं. 'केला. हिच्या शेजारीच वाजत होता. हळदकुंकू लावलंय म्हणून उचलला नसेल.' आणि मालकांकडे वळून, 'आपणांसही केला.' मालकांनी खिशातून फोन काढून बघितला आणि मान खाली घातली. ढोलताशात कुणाला ऐकू येणार?

मग माझ्या लक्षात आलं, की सदऱ्याला कडक इस्त्री होती. मांडीशी पेढ्यांचा खोका होता, त्यावर आपट्याची पानं. 'आज इकडे कसे?' मी विचारलं.

काकांनी शेतापलीकडे बघितलं. 'त्या मधल्या इमारतीत चौथ्या मजल्यावर माझी मुलगी राहते. दुपारी जेवायला बोलावलं होतं. पहिल्यांदाच. लवकर पोचलो, म्हटलं तोवर आपल्याकडे सोनं देऊन यावं.' मग आमच्या कडीकडे बघत, 'माझ्या मनाविरुद्ध लग्न करून दोघं दारात आली तेव्हा मी आतून कडी घातली होती. कडी चांगली निघाली. इतकी वर्षं हलली नाही.'

म्हणजे इतके दिवस ते गिऱ्हाइकं मोजत नव्हते. चौथा मजला शोधत होते. आणि मी बाई त्यांना चहा देऊन विचारायची, 'फ्लॅटवाले विमे काढतात का हो?'

'मग तिला कळवलंत का?'

'कळवलं. म्हटलं, उशीर होईल, एका बंदुकीपाशी बसलोय.' काका पेढ्यांच्या खोक्याची दोरी सारखी करत होते. 'तिने फोन ठेवला.'

अशा वेळी शहाण्या माणसाने काय बोलावं? मी म्हणाले, 'मग आता इथेच जेवून जा ना, पुरणपोळी आहे.' मालकांनी माझ्याकडे असं पाहिलं, की परवाना असलेल्या माणसाने बायकोकडे तसं पाहू नये.

'आधी ती आत ठेवा,' काका म्हणाले.

आणि मी, पंचावन्न वर्षांची घोडी, म्हणाले, 'पण संध्याकाळपर्यंत शस्त्रं उठवत नाहीत आमच्यात.'

काका अर्धवट उठले होते. माझ्याकडे एकदा बघितलं, एकदा चौथ्या मजल्याकडे. 'मग मी बसतो,' म्हणाले, आणि खरोखर पुन्हा मांडी घातली.

मालकांनी माळेसकट बंदूक उचलली. कपाटात ठेवली, कुलूप लावलं, ओढून दाखवलं, किल्ली कमरेला खोचली. तेव्हा काका उठले. पाय अवघडले होते, भिंत धरली. मालकांनी 'मी येतो संगती, समजावून सांगतो लेकीला,' म्हटलं तर हातानेच नको म्हणाले. स्कूटर तिथेच ठेवून बांधावरून ताडताड चालत निघाले. आमच्या दाराची कडी न हलवता ते गेले, असं त्या एकाच दिवशी घडलं.

मी ओसरीच्या कडेला उभी राहून मजले मोजत राहिले. चौथ्याच्या काचांवर ऊन होतं, काही दिसेना. त्या संध्याकाळी सोनं द्यायला आलेल्या माणसांना मी नमस्कार करून त्यांचीच पानं त्यांना परत देत होते. आत जायची, बाहेर यायची. अंधार पडल्यावर बघते तो स्कूटर नव्हती. कधी नेली कळलं नाही.

पुढच्या खेपेला काका आले तेव्हा पुन्हा उभेच. मी सरळ विचारलं, 'लेक कशी आहे?'

'पॉलिसी चालू आहे,' ते म्हणाले, आणि खिडकीचे गज हलवायला लागले.

त्यानंतर कितीतरी वेळा फिरवून फिरवून विचारलं. उत्तर तेच. माझ्या जिवाला मात्र स्वस्थता नव्हती. त्यांचं जेवण मी बुडवलं होतं, आणि जेवणासोबत आणखी काय बुडवलं ते कळायला मार्ग नव्हता. घराबाहेर पडताना मी कडी दोनदा हलवायला लागले, ती आजतागायत. नातवंडं मोबाइलवर माझी चित्रफीत काढून एकमेकांना पाठवतात. पाठवू देत. मालकांनी थकल्यावर बंदूक रीतसर पोलिसांकडे जमा केली, परवाना सोडला. आता घरात जोखीम म्हणावी अशी मीच उरलेय.

गेल्या थंडीत काका गेले. मी आणि मालक शनिवार पेठेत भेटायला गेलो. दार एका चाळिशीतल्या बाईने उघडलं, काकांचीच हनुवटी. मी उंबऱ्यातच म्हणाले, 'मी मांजरीची. ती बंदूकवाली.' तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं, आत बसवलं, पाणी दिलं. मालक खुणेने गप्प राहा म्हणत होते. पण इतकी वर्षं अडकलेला प्रश्न, तो काय राहतोय? म्हटलं, 'बाई गं, त्या दसऱ्याला माझ्या मूर्खपणामुळे त्यांना उशीर झाला. तू दार उघडलंस का?'

ती म्हणाली, 'मी उघडणारच नव्हते, काकू. वाढलेली ताटं उचलून ठेवली होती. बाबांनी बेल वाजवलीच नाही. बाहेरून दार दोनदा ढकलून बघितलं, कडी हलवून बघितली, आणि अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यांदा म्हणाले, "दार नीट लागलंय. आता उघड."'