चांदीच्या डॉलरवरचं कुंकू

ती घटना आजही आठवते, असं लिहायचा रिवाज आहे. पण आठवायला आधी विसरावी लागते, आणि इंग्लंडात राहून व्हिनेगरची बाटली काही चुकवता येत नाही. ती दिसली की मेक्सिकोचं ते चांदीचं नाणं डोळ्यांपुढे येतंच.

सत्तरच्या दशकाची सुरुवात. मी लीड्सला सीआयडीत डिटेक्टिव्ह कॉन्स्टेबल होतो. अख्ख्या यॉर्कशरमध्ये मराठीत दम देऊ शकणारा एकमेव पोलीस! मराठीत दम खाणारं कुणी सापडत नव्हतं, हा भाग वेगळा. शिलिंगची जुनी नाणी नुकतीच चलनातून गेली होती आणि लोकांना जुन्या नाण्यांचं वेड लागलं होतं. एका सकाळी आमच्या सार्जंटने माझ्यापुढे फाइल आपटली. गडी इतका आडवा, की तो येताना दारच अंग चोरायचं.

“काय रे लॅड, तुझ्या गावचा डॉक्टर दिसतोय. खोटं नाणं खपवतोय म्हणे.”

“सार्जंट, माझं गाव हजारो मैल लांब आहे.”

“मग आमच्यापेक्षा तुलाच जवळ पडेल.”

तक्रार होती आर्केडमधल्या एका नाणे-विक्रेत्याची. डॉक्टर इथल्याच हॉस्पिटलात रजिस्ट्रार. त्यांच्या पणजोबांनी चीनच्या व्यापारातून आणलेला जुना मेक्सिकन डॉलर घरात होता. एका बाजूला स्पेनच्या राजाचा चेहरा, कारण तेव्हा मेक्सिको त्याचंच होतं, त्यावर चिनी सराफांनी पारखून मारलेले बारीक शिक्के. मित्राने सुचवलं म्हणून डॉक्टरांनी तो किंमत काढायला दुकानात ठेवला. परत आणायला गेले तर दुकानदार म्हणाला, हा ओतीव आहे, खोटा. डॉक्टर म्हणाले, मग आमचा खरा द्या. त्यावर दुकानदार थेट आमच्याकडे: डॉक्टर खोटं नाणं आणून खरं उकळतोय! फसवणूक शाबीत झाली असती तर तुरुंग राहिला बाजूला, आधी डॉक्टरकीच गेली असती.

जबानीला नवरा-बायको दोघं आली. डॉक्टरांनी नाणं न्याहाळलं आणि पडल्या आवाजात म्हणाले, “आमचंच आहे. हा शिक्का, हा ओरखडा, सगळं तेच.” माणूस इतका सरळ, की स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला रांगेत पहिला उभा राहील.

“अहो, तुम्ही गप्प बसा बघू!” वहिनी म्हणाल्या. त्यांच्याशी ओळख नव्हती, पण वहिनी न म्हणायची माझी छातीच झाली नाही. त्यांनी नाणं उचलून टेबलावर टाकलं. “ऐकलंत भाऊजी? बद्द वाजतंय. आमचं खणखणीत होतं.”

‘बद्द’ हा शब्द रिपोर्टात इंग्रजीत कसा लिहावा, यात माझा दिवस गेला. शेवटी लिहिलं, ‘नाण्याला सर्दी झाली आहे.’ सार्जंटने ते वाचून मला म्युझियममधल्या नाणेतज्ज्ञाकडे पिटाळलं.

त्याने भिंगाखाली मला नाण्याची कड दाखवली. या डॉलरच्या कडेला गोल-चौकोन, गोल-चौकोन अशी नक्षी असते. नक्षी कोरलेल्या दोन पोलादी पट्ट्यांमध्ये नाणं फिरवून ती उठवत, त्यामुळे समोरासमोर दोन ठिकाणी नक्षीची टोकं एकमेकांवर चढून सांधा दिसतो. ओतीव नाण्याला साच्याची शिवण राहते. आमचं हे नाणं ओतणाऱ्या कारागिराने शिवण घासून सगळी नक्षी हाताने कोरली होती. इतकी देखणी, की मी मनातल्या मनात हेल्मेट काढलं! पण सांधा कुठेच नव्हता. म्हणजे नाणं नक्की खोटं, आणि ओरखड्यांसकट डॉक्टरांच्याच नाण्यावरून ओतलेलं. मग मूळ कुठंतरी असणारच.

सर्च वॉरंट घेऊन दुकानाची झडती घेतली. मागच्या ड्रॉवरमध्ये जुळा भाऊ सापडला. काउंटरवर टाकला तर असा खणाणला, की मँचेस्टरपर्यंत लोकांनी खिसे चाचपले असतील. कडेला दोन्ही सांधेही होते.

दुकानदार सडपातळ, अदबशीर, बोटं घड्याळजीची. ‘बोलशील ते पुरावा होईल’ अशी कॉशन देऊन चौकशी सुरू केली, शेजारी त्याचा सॉलिसिटर.

“हे माझ्या वडिलांचं,” तो शांतपणे म्हणाला. “डॉक्टरने यावरून साचा घेतला असेल.”

“अक्षरांच्या खाचांत हे लाल काय आहे?”

“रूज. पॉलिशची पावडर. वडिलांना घासायची वाईट खोड होती.”

बिनतोड उत्तर. त्याच्या बाकावर रूजचा डबाही होता. नाणं ओळखायला बोलावलेल्या वहिनी बाहेर बसल्या होत्या; मी येऊन त्यांना विचारलं.

“इश्श, कुंकू ते! दर लक्ष्मीपूजनाला लावतो. सासूबाईंच्या हातचं, हळदीला चुना देऊन केलेलं.”

“पण कोर्टाला कसं पटवू?”

“लिंबू आणा की. आंबट लागलं की त्याची परत हळद होते.”

त्या काळी आमच्या कॅन्टीनमध्ये लिंबू मागणं म्हणजे हत्ती मागणं. सार्जंट स्वतःच्या चिप्सवरची व्हिनेगरची बाटली उचलून चौकशीच्या खोलीत आला. दोन पांढऱ्या बशा मांडल्या. एकीत दुकानदाराचं रूज, दुसरीत नाण्यातून टाचणीने काढलेली लाल भुकटी. दोन्हींवर थेंब टाकले. रूज लालच राहिलं. दुसरी बशी बघता बघता पिवळी झाली!

सॉलिसिटरने पेनला टोपण लावलं. दुकानदार बशीकडे बघून चक्क हसला, आणि मग त्याने सगळं कबूल केलं.

“अरे, पण धुतलं का नाहीस?” सार्जंटला राहवेना.

दुकानदार दुखावला. “जुनं नाणं धुवून त्याची किंमत घालवायची? मी चोर आहे, अडाणी नाही.”

अशी तत्त्वनिष्ठा मी पुढे कित्येक साहेबांतही पाहिली नाही. त्याला शिक्षा झाली. डॉक्टर त्याच वॉर्डात, त्याच स्टेथोस्कोपसह कामावर राहिले. आणि मी शिकलो की डागच नसलेली जबानी आली की आधी तिची कड बघावी. खऱ्याला कुठंतरी सांधा असतो.

खटला संपल्यावर मुद्देमाल परत द्यायला मी त्यांच्या घरी गेलो, नेमका दिवाळीत. वहिनींनी नाणं पाटावर ठेवलं. टाचणीने कोरलेली एका अक्षराची खाच अजून रिकामी दिसत होती. त्यांनी कुंकवाचा करंडा माझ्यापुढे धरला. “भाऊजी, लालाचं पिवळं तुम्ही केलंत. आता तुम्हीच लावा.”

भलेभले दरोडेखोर धरलेल्या माझ्या हाताला चिमूटभर कुंकू काही धरवेना. कुंकू घसरून थेट राजाच्या नाकावर गेलं.

मी पुसायला गेलो, तर वहिनी म्हणाल्या, “राहू दे. आता करा म्हणावं याची नक्कल!”