काठी बाजूला ठेव

"काठी बाजूला ठेव. खाली बस. आणि त्या सायकलीकडे सरकत ये."

पेपरवाला बोलला. गळ्यात क्यामेरा, तोंडात पान. मालेगावले तहसीलसमोर मांडव टाकला होता. अपंगांना तीनचाकी सायकली वाटायच्या होत्या. खुर्चीवर पुढारी, बाजूले सायकली देनारा शेठ, दोघांच्या गळ्यात हार. आन् समोर मी. किन्हीराजाची पोट्टी. पोलिओनं एक पाय वाळलेला, पन काठी धरून सरळ चालनारी. स्वतः शिवलेलं पोलकं घालून गेली होती. इस्तरी करून.

मी म्हनलं, "मले चालता येते साहेब."

"चालताना फोटोत दया येत नाही गं." मांडवातले लोक हासले. पुढाऱ्यानं घड्याळ पाह्यलं. म्हने, "नको असेल तर दुसरीला देऊ."

सायकल मले पाह्यजे होती. मी गावात पोलके शिवत होती. सायकल असली का मालेगावच्या दुकानातलं काम आनता येते, कोनाच्या बैलबंडीची वाट पाहा लागत नाई. म्हनून काठी ठेवली. सरकली. पांढरं लुगडं धुळीत घासत गेलं. तो "अजून थोडं, अजून थोडं" म्हनत राह्यला. शेवटी हात जोडायले लावले, तवा कुठं त्यानं फोटो काढला आन् मले सायकल भेटली.

फोटो छापून आला. खाली लिहिलं होतं, 'अभागी जिवाला दात्याचा आधार.' शेठचं नाव होतं. पुढाऱ्याचं होतं. माहं नाई.

पेपर गावात पोचला आन् पाटलाच्या घरून गडी आला. फडक्यात शिळी भाकर बांधलेली. म्हने, "पाटलीनबाईनं फोटो पाह्यला. लय वाईट वाटलं त्यायले. रोज घेऊन जात जा म्हने."

आमी धम्म घेतला त्या साली माह्या बापानं गावची भाकर मागनं सोडलं होतं. उपाशी निजले, पन टोपलं घेऊन कोनाच्या दारी गेले नाई. माय गड्याले म्हने, "परत ने बापा. या घरात कोनी मागून खात नाई." मंग माह्याकडे वळली. शिव्या देल्ल्या असत्या तर बरं झालं असतं. एवढंच म्हने, "बाई, तुह्या फोटोनं भाकर पुन्हा दारात आनली ना वं."

मले रडू आलं नाई. संताप आला. कारन भाकर एकट्या पाटलाची नव्हती. ज्या बाया माह्या शिलाईसाठी भांडत, त्याच आता पैसे हातावर टेकवताना "घे बिचारे" म्हनत होत्या. शिवनवाली होती मी. त्या फोटोनं मले भिकारीन करून टाकलं.

दुसऱ्या साली पुढाऱ्याचा मानूस घरी आला. "तू आपली जुनी आहेस. यंदाही सायकली वाटायच्या आहेत, आसपासचे अपंग गोळा करून आण. पेपरवाले येणार आहेत."

मी हो म्हनलं. तो खुशीत गेला.

मी आंगनात शाळा भरवली. जऊळक्याचा शेकूभाई आला, कडबाकुट्टीत एक हात गेलेला. आमच्याच गावची गया आली. तिचे दोन्ही पाय कामातून गेलेले, हातावर सरकत चाले, दोर वळून पोट भरे. आनखीही आले. शेकूभाई पेपरवाला झाला. तंबाखूचा डबा डोळ्याले लावून गुरकावला, "ए, हात जोड!" गयाचे हात आपोआप जुळले. आमी हासलो, ती बी हासली. मंग जुळलेले हात सोडले. म्हने, "सवयच लागली वं."

मी सांगितलं, पयले आपलं नाव सांगायचं, पुरं नाव. मंग काम सांगायचं. मंग काय पाह्यजे ते. अपंगाचा दाखला काढायले अकोल्याले जा लागते, बसवाला आमाले चढू देत नाई, तर डॉक्टर मालेगावले आना, हे ठासून बोलायचं. नशीब, उपकार, असले शब्द तोंडातून काढायचे नाई. आन् हात जोडायचे नाई.

"माह्यावाला तर जुळतच नाई!" शेकूभाई म्हने.

तोच मांडव. तोच पेपरवाला. गयाले पाहून त्याचे डोळे चमकले. "तू सरकत ये. तुला तर नाटकही करावं लागणार नाही."

गया जागची हालली नाई. तिनं आपलं पुरं नाव सांगितलं. म्हने, "मी दोर वळते."

"ते राहू दे. सरक."

"मी रोज सरकते," गया म्हने. "बाजारात सरकते, वावरात सरकते. तुह्या फोटोसाठी नाई सरकत."

पुढारी ताडकन उठला. "यांना हे कोणी शिकवलं?"

मी काठी टेकत पुढं गेली. "मी शिकवलं."

"मग सायकली परत जातील."

मी तोंड उघडायच्या आधी मागून शेकूभाईचा आवाज आला, "जाऊ द्या ना मंग!"

गेल्या. आमच्या डोळ्यासमोर टरकात चढल्या. सगळ्यात जास्त गरज गयाले होती, आन् तिनं मान वळवून सुद्धा पाह्यलं नाई. गावात लोक म्हनले, अपंग माजले. हो, माजलो! माही सायकल मी गयाले देली. धुळीत घासून मिळवलेली, मले तिच्यावर बसवत नव्हतं. मले काठी पुरते.

पेपरात आमची एक ओळ छापली नाई. आंगनातली शाळा बंद झाली नाई. दर बाजाराच्या दिवशी भरते. शेकूभाई डबा डोळ्याले लावून गुरकावते, आन् आता कोनाचेच हात जुळत नाई.

येऊ द्या पेपरवाल्याले. नाव विचारलं तर सांगू. काम विचारलं तर दाखवू. खाली बस म्हनला, तर बसनार नाई.