पैलवान ताईंचा कान

आमच्या तालुक्यातल्या नामांकित महिला पैलवान माझ्या स्टुडिओत फोटो काढायला आल्या होत्या. त्यांनी कुस्ती सोडली होती आणि तालमीच्या भिंतीवर आता त्यांचा फोटो लागणार होता. फोटो छान आला. फक्त कुस्तीत चेपून गाठाळ झालेला डावा कान मला खटकला, म्हणून मी कॉम्प्युटरवर तो गुळगुळीत करून टाकला.

"हा कान कुणाचा?" त्यांनी विचारलं.

"तुमचाच, ताई. जरा नीट केलाय."

"नीटच होता की."

मग त्या शांतपणे सांगू लागल्या. गावच्या जत्रेत पंचांनी पोरीची कुस्ती लावायला नकार दिला, तेव्हा त्या आखाड्याच्या मधोमध मांडी घालून बसल्या. अखेर एक गडी उतरला. ताई हरल्या, कान फुटला. पण पुढच्या वर्षी पंचांनीच निरोप धाडला. पाहुणे बघायला येणार म्हणून आईनं कानावर केस ओढून घ्यायला सांगितलं, तर ताईंनी केसच कापून टाकले.

"पदकं कपाटात असतात, भाऊ. हा कान मी चारचौघांत मिरवते."

मी कान होता तसा केला. इतकी वर्षं मी लोकांचे वण, सुरकुत्या, देवीचे व्रण पुसत आलो, तेही कुणाला न विचारता. त्यातलं कुणाला काय मिरवायचं होतं, कोण जाणे.

"आता मोठा काढा," ताई म्हणाल्या. "तालमीत पाऊल टाकणाऱ्या पोरींना आधी कानच दिसला पाहिजे."